विश्लेषण : अंगणवाडीत तपासणी झाली, डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, आता मुलाला कुठे न्यायचे?

हृदयाला छिद्र, दुभंगलेला ओठ, आत वळलेले पाय, ऐकू न येणे, तीव्र कुपोषण. गरीब घरातल्या मुलांमध्ये असे दोष वेळेत सापडावेत आणि त्यांवर मोफत उपचार व्हावेत, यासाठीची सरकारी व्यवस्था महाराष्ट्रात दहा वर्षांहून अधिक काळ सुरू आहे. मात्र तपासणी आणि प्रत्यक्ष उपचार यांच्या मधल्या रस्त्यावर मुले गळतात. ती का गळतात, कोणत्या टप्प्यावर कोणाला विचारायचे आणि उपचारानंतर घराला कोणता आधार मिळू शकतो, याविषयी…

एक उदाहरण घेऊ. समजा, पालघर जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यातील एका पाड्यावर सात महिन्यांची मुलगी आहे. दूध पिताना तिला दम लागतो, कपाळावर घाम येतो, वजन वाढत नाही. ऑक्टोबरमध्ये आरोग्य पथक अंगणवाडीत येते. डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतात. हृदयाचा ठोका त्यांना वेगळा वाटतो. 'टू-डी इको' करून घ्या, असे सांगून ते चिठ्ठी देतात. दिवाळी होते आणि कुटुंब वसई-भिवंडीकडे वीटभट्टीच्या कामाला निघून जाते. चिठ्ठी घरातल्या पत्र्याच्या पेटीत राहते.

हे उदाहरण समजावून सांगण्यासाठी रचलेले आहे. पण त्यातले सगळे टप्पे महाराष्ट्रातल्या आदिवासी आणि ऊसतोड पट्ट्यात काम करणाऱ्या कोणत्याही आशा सेविकेच्या ओळखीचे आहेत. तपासणी झाली, दोषाची शंका आली, कागदही मिळाला. तरीही मुलगी उपचारापर्यंत पोहोचली नाही.

ही योजना नेमकी कोणती?

'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम', म्हणजेच आरबीएसके. देशपातळीवर तिची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमध्येच झाली. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होते. ऑगस्ट २०१४ मध्ये त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंमुळे १९९२-९३ मध्ये ज्या जव्हार तालुक्याचे नाव राज्यभर गेले, तो तालुकाही आज याच जिल्ह्यात आहे.

जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुले या योजनेत येतात. चार प्रकारच्या अडचणी शोधल्या जातात : जन्मजात दोष, पोषणाची कमतरता, बालपणीचे आजार आणि वाढीतला उशीर किंवा अपंगत्व. सुरुवातीला यात ३० आजार निश्चित करण्यात आले.

तपासणी कोण आणि कधी करते?

वयानुसार तीन टप्पे आहेत.

जन्मापासून सहा आठवडे : प्रसूती सरकारी दवाखान्यात झाली असेल तर तिथेच बाळाची तपासणी होते. त्यानंतर आशा सेविका घरी येते. दवाखान्यात प्रसूती झाली असल्यास ४२ दिवसांत तिने सहा वेळा, घरी झाली असल्यास सात वेळा भेट द्यायची असते.

सहा आठवडे ते सहा वर्षे : फिरते पथक अंगणवाडीत येते. वर्षातून किमान दोनदा.

सहा ते १८ वर्षे : सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये वर्षातून किमान एकदा.

पथकात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असावा, अशी रचना आहे. डॉक्टरांपैकी एक महिला असणे अपेक्षित आहे. या पथकाचे काम शंका ओळखून मुलाला पुढे पाठवण्याचे आहे. पक्के निदान पुढच्या रुग्णालयात होते. पालकांनी हा फरक लक्षात ठेवायला हवा. 'पथकाने औषध दिले नाही, म्हणजे काही झालेले नाही' असा समज अनेक ठिकाणी होतो आणि चिठ्ठी बाजूला पडते.

विनाअनुदानित खासगी शाळेतली मुले या शालेय तपासणीत येत नाहीत. त्यांच्या पालकांनी शंका असल्यास थेट सरकारी रुग्णालयात जावे.

चिठ्ठी मिळाल्यावर कुठे जायचे?

साधा आजार असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय. जन्मजात दोष किंवा वाढीतला उशीर असेल तर 'जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र'. हे केंद्र साधारणपणे जिल्हा रुग्णालयाच्या आवारात असते. बालरोगतज्ज्ञ, दंतवैद्य, भौतिकोपचारतज्ज्ञ, श्रवण व वाचा तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, नेत्रतपासणी करणारे तंत्रज्ञ, विशेष शिक्षक आणि समाजसेवक असे सगळे एका छपराखाली असावेत, अशी या केंद्राची कल्पना आहे. उशिरा बोलणाऱ्या मुलाचे कान एका ठिकाणी, मेंदूची वाढ दुसऱ्या ठिकाणी आणि शाळेचा सल्ला तिसऱ्या ठिकाणी, अशी पायपीट टळावी हा त्यामागचा हेतू.

हृदयाच्या दोषाची शंका असेल तर 'टू-डी इको' लागते. अनेक जिल्ह्यांत त्यासाठी ठरावीक दिवशी शिबिर भरते. पुढे शस्त्रक्रियेची गरज ठरली, तर करार झालेल्या मोठ्या रुग्णालयात मुलाला पाठवले जाते. योजनेत बसणाऱ्या आजारांसाठी शस्त्रक्रियेचा खर्च कुटुंबाला करावा लागत नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतही मुलांच्या अनेक शस्त्रक्रिया आहेत. या योजनेचे संरक्षण आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे.

थोडे थांबले तर काय बिघडते?

पुष्कळ बिघडते. यातल्या बहुतेक दोषांना ठरावीक मुदत असते. ती उलटली की उपचार अवघड होतात, कधी अशक्यही होतात.

हृदयाचे छिद्र : काही लहान छिद्रे आपोआप बुजतात. मोठे छिद्र वेळेत बंद केले नाही, तर फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांवर सतत जादा दाब येत राहतो. काही वर्षांनी हा दाब कायमचा होतो आणि मग छिद्र बंद करणेच धोक्याचे ठरते. म्हणजे वर्षापूर्वी जी शस्त्रक्रिया करता आली असती, ती डॉक्टरांना नाकारावी लागते.

डोळे : मुदतीच्या बऱ्याच आधी किंवा फार कमी वजनाचे जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याचा पडदा नीट वाढलेला नसतो. ३४ आठवड्यांपूर्वी किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाची नेत्रतपासणी ३० दिवसांच्या आत व्हायला हवी. बाळ फारच लहान असेल तर त्याहूनही आधी. हा आजार बाहेरून दिसत नाही. आईला बाळ नीट दिसते आणि आतून नजर जात असते.

ऐकणे : जगभर १-३-६ हा साधा हिशेब पाळला जातो. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत श्रवणयंत्र किंवा उपचारांची सुरुवात. 'आमच्याकडे सगळेच उशिरा बोलतात' म्हणत तीन वर्षे गेली, की भाषा शिकण्याचा सर्वांत मोलाचा काळ हातून गेलेला असतो.

आत वळलेले पाय : जन्मानंतर लवकर सुरुवात केली तर दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाय सरळ करता येतो. बहुतेक बाळांना टाचेच्या मागच्या शिरेवर छोटा छेद द्यावा लागतो. मात्र खरी कसोटी त्यानंतर असते. पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर आणि पुढे चार-पाच वर्षांचा होईपर्यंत झोपताना खास बूट घालावे लागतात. बूट सोडले की पाय पुन्हा वळतो.

कुपोषणाचा रस्ता वेगळा आहे का?

हो, आणि तो घराच्या अधिक जवळून सुरू होतो. अंगणवाडी सेविकेकडे रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर तिने मोजतात. ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर मूल तीव्र कुपोषित. ११.५ ते १२.५ असेल तर मध्यम कुपोषित. उंचीच्या प्रमाणात वजन किती, हेही पाहिले जाते. दोन्ही पायांवर सूज असेल आणि बोटाने दाबल्यावर खड्डा पडत असेल, तर दंड कितीही भरो, मूल तीव्र कुपोषित धरतात.

पुढे तीन पायऱ्या आहेत. भूक चांगली असेल आणि दुसरा आजार नसेल तर गावातच, अंगणवाडीतल्या ग्राम बाल विकास केंद्रात. आजार असेल तर बाल उपचार केंद्रात किंवा पोषण पुनर्वसन केंद्रात. बहुतेक तीव्र कुपोषित मुलांना भरती करावे लागत नाही. साधारण १० ते १५ टक्के मुलांमध्ये गुंतागुंत असते आणि त्यांना रुग्णालय लागते. कोणाला लागते, हे ठरवण्यासाठी 'भूक चाचणी' असते. ठरावीक आहार मूल किती खाते ते पाहतात. तीव्र कुपोषित मूल खायलाच तयार नसेल, तर ती धोक्याची खूण मानतात.

पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण १४ दिवस राहावे लागते. आईला सोबत राहता येते, तिला जेवण मिळते आणि 'बुडीत मजुरी'ही मिळते. बुडीत मजुरीचा हक्क अनेकांना माहीतच नसतो. भरती होतानाच तो विचारावा आणि बँक पासबुक सोबत न्यावे.

मग मुले नेमकी कुठे गळतात?

पहिले गळतीचे ठिकाण म्हणजे हजेरी. पथक आले त्या दिवशी मूल गावात नव्हते, तर पुढची फेरी सहा महिन्यांनी. दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा उसाच्या फडावर जाणारी मुले वर्षातली एक फेरी हमखास चुकवतात. शाळेतल्या मुलाची फेरी चुकली तर थेट पुढचे वर्ष.

दुसरे, रोजगार. उपचार मोफत असले तरी रुग्णालयात जाणे फुकट होत नाही. जव्हार-मोखाड्याहून मुंबई शंभर किलोमीटरहून लांब आहे. आई-वडील दोघे गेले तर दोघांची मजुरी बुडते. घरी राहिलेल्या मुलांना कोणाकडे ठेवायचे, हा प्रश्न वेगळाच. तपासणीसाठी एक, अहवालासाठी दुसरी, भरतीसाठी तिसरी अशा खेपा झाल्या, की कुटुंब चौथ्या खेपेला जात नाही. त्याला 'पालकांचा निष्काळजीपणा' म्हणणे सोपे आहे. पण हातावर पोट असलेल्या घरात तो त्या दिवसाचा जमाखर्च असतो.

तिसरे, भीती. 'एवढ्याशा जिवाची छाती फाडणार' हे ऐकल्यावर आजी-आजोबा नकार देतात. अशा वेळी कागदावरच्या सहीपेक्षा, ज्यांच्या मुलाची शस्त्रक्रिया झाली आहे अशा शेजारच्या गावातल्या कुटुंबाची भेट अधिक उपयोगी पडते.

चौथे, माणसे. पथकातले कर्मचारी कंत्राटी आहेत. अंगणवाडी सेविका मानधनावर काम करतात. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात राज्यातल्या अंगणवाडी सेविकांचा संप ५० दिवसांहून अधिक चालला. त्यांच्या मागण्या जुन्या आहेत. पण पट्टी लावणारा आणि घरी जाऊन आठवण करून देणारा हात थांबला, की त्याचा पहिला फटका याच मुलांना बसतो.

स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांनी काय करावे?

अंगणवाडीचा लाभ मूळ गावापुरता बांधलेला नाही. 'पोषण ट्रॅकर' अॅपमध्ये मुलाची नोंद एका अंगणवाडीतून दुसरीकडे हलवता येते. राज्याच्या महिला व बालविकास विभागाने स्थलांतरितांच्या नोंदीसाठी वेगळी प्रणालीही आणली आहे. गाव सोडण्यापूर्वी सेविकेला सांगावे आणि कामाच्या ठिकाणी पोहोचल्यावर जवळची अंगणवाडी गाठावी. आधार किंवा रेशन कार्ड दुसऱ्या गावचे आहे म्हणून लसीकरण किंवा तपासणी नाकारता येत नाही.

चिठ्ठीचेही तसेच. ती ज्या जिल्ह्यात मिळाली त्याच जिल्ह्यात दाखवली पाहिजे असे नाही. भट्टीजवळच्या सरकारी रुग्णालयात ती दाखवता येते. त्यासाठी चिठ्ठी जवळ असावी लागते. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे चिठ्ठी मिळाल्याबरोबर तिचा मोबाइलवर फोटो काढणे आणि तो घरातल्या दोघा-तिघांना पाठवून ठेवणे. पेटी गावी राहिली तरी फोटो सोबत येतो.

प्रवासाचा खर्च मिळतो का?

एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळासाठी 'जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमा'त घरून रुग्णालयात, एका रुग्णालयातून दुसऱ्यात आणि परत घरी अशी वाहनाची मोफत सोय आहे. त्यासाठी १०२ क्रमांक. तातडीच्या वेळी १०८. उदाहरणातली मुलगी सात महिन्यांची आहे, म्हणजे तिला हा लाभ लागू होतो. मोठ्या मुलांसाठी पथकाचे वाहन किंवा शिबिराच्या दिवशीची गाडी मिळते का, हे पथकातल्या डॉक्टरांना विचारावे.

उपचारानंतर घराला आधार कोणाचा?

दोष कायम राहणार असेल, तर दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्यावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना आहे. तिच्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. नियमित थेरपीचा खर्चही तीत धरला जातो. महिनोन्‌महिने भौतिकोपचार चालणाऱ्या घरासाठी हे महत्त्वाचे आहे.

आई किंवा वडील नाहीत, पालक गंभीर आजारी आहेत, तुरुंगात आहेत, अशा घरांतल्या मुलांसाठी राज्याची 'क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना' आहे. काही गंभीर आजार आणि दिव्यांगत्व असलेली मुलेही तीत येतात. २०२३ मध्ये वाढ झाल्यानंतर तिची रक्कम महिन्याला २,२५० रुपये आहे. केंद्राच्या 'मिशन वात्सल्य'मध्ये पात्र मुलांसाठी महिन्याला ४,००० रुपयांची तरतूद आहे. दोन्हींसाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात जायचे असते. गृहभेट होते आणि बालकल्याण समिती आदेश देते. या योजनांच्या नावाने व्हॉट्सअॅपवर फिरणारे फॉर्म भरू नका आणि अर्जासाठी कोणाला पैसे देऊ नका.

मूल एकटे पडले असेल, मारहाण होत असेल, कामाला जुंपले असेल, तर १०९८ हा मोफत क्रमांक २४ तास सुरू असतो. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाला २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करणे कायद्याने बंधनकारक आहे.

चिठ्ठी हातात पडल्यावर विचारायचे पाच प्रश्न

१. कोणत्या आजाराची शंका आहे? नाव मराठीत लिहून द्याल का?

२. कोणत्या रुग्णालयात, कोणत्या दिवशी, कोणाला भेटायचे?

३. किती दिवसांच्या आत जायला हवे?

४. जाण्या-येण्याची आणि बुडीत मजुरीची सोय आहे का?

५. आम्ही बाहेरगावी असलो तर कोणत्या नंबरवर फोन करायचा?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर चिठ्ठीवरच लिहून घ्यावे. 'लवकर जा' या शब्दांना अर्थ नसतो. 'दोन आठवड्यांत जा' याला असतो.

ज्यांच्या घरात असे मूल नाही, त्यांनी हे का वाचायचे?

ही बातमी मोबाइलवर वाचणाऱ्या अनेकांच्या घरात असे मूल नसेल. पण इमारतीच्या बांधकामावर, शेतावर, भट्टीवर, सोसायटीच्या पहारेकऱ्याच्या खोलीत ते असू शकते. स्थलांतरित कुटुंबाला नव्या ठिकाणची अंगणवाडी कुठे आहे हेच माहीत नसते. ती शेजाऱ्याला माहीत असते. राज्याच्या आरोग्य सल्ल्यासाठी १०४ वर फोन करायला दोन मिनिटे लागतात.

उदाहरणातली मुलगी आता भट्टीवर आहे. तिचा पाडा दूर राहिला, तरी भट्टीपासून सरकारी रुग्णालय रिक्षाच्या अंतरावर असू शकते. मुंबईतली मोठी रुग्णालये तर पाड्यापेक्षा आता तिला जवळ आहेत. तिच्या वडिलांच्या मोबाइलमध्ये चिठ्ठीचा फोटो असेल आणि भट्टीवरचा मुकादम किंवा मालक एका दिवसाची सुट्टी देईल, तर 'टू-डी इको' याच महिन्यात होऊ शकतो. नाहीतर मे महिन्यात काम संपवून कुटुंब परत जाईल, तेव्हा मुलगी सव्वा वर्षाची झालेली असेल. मोफत वाहनाची मुदत तोवर संपलेली असेल आणि फुप्फुसावरचा दाब सात महिने अधिक सोसलेला असेल.